गोशुइनचो हाताने बांधताना: जोडकार्डापासून पहिल्या शिक्क्यापर्यंत

जपानमध्ये देवळात दर्शन झालं की एका खास वहीत लाल शिक्का आणि त्यावर ब्रशने लिहिलेलं देवाचं नाव व तारीख घेता येते. शिक्क्याला गोशुइन म्हणतात आणि वहीला गोशुइनचो. वही शिवलेली नसते. एकच लांब पट्टी मागे-पुढे दुमडत जावी तशी तिची पानं असतात. या बांधणीला ओरिहोन म्हणतात. तयार गोशुइनचो देवळातच १,५०० ते २,५०० येनला मिळते, त्यामुळे पैसे वाचवायला कुणी ती हाताने बांधत नाही. मला ही बांधणी शिकायची होती. इंटरनेटवर सापडलेले व्हिडिओ घड्या घालताना दाखवतात, पण त्याआधीचं आणि नंतरचं बरंचसं गाळतात. घड्या हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. अडतं ते कागदात पाणी कुठे आणि किती जातं यावर. खाली सगळं झालं त्याच क्रमाने लिहितो.

अर्ज (जानेवारी २०२५)

टोकियोतल्या बहुतेक वॉर्डांचं एक माहितीपत्रक घरोघरी येतं. त्यात शेवटच्या पानांवर नागरिकांसाठीच्या वर्गांच्या बारीक टायपातल्या जाहिराती असतात. ओरिहोनचा वर्ग तिथेच दिसला: फेब्रुवारीतले तीन शनिवार, १२ जागा, अर्ज जास्त आले तर सोडत. वॉर्डात राहणारे, नोकरी करणारे किंवा शिकणारे, कुणीही चालतात. नागरिकत्वाची अट नाही.

अर्ज मात्र फक्त ओफुकु हागाकीवर, म्हणजे आपल्या पोस्टातल्या जोडकार्डावर. ऑक्टोबर २०२४ पासून ते १७० येनला मिळतं. कार्ड भरणं हीच नवख्या माणसाची पहिली धास्ती असते, म्हणून नीट सांगतो. कार्डाच्या चार बाजू असतात. पाठवायच्या पत्त्याच्या बाजूवर वर्ग घेणाऱ्या केंद्राचं नाव आणि त्यापुढे संस्थेसाठीचं आदरार्थी ‘ओन्चू’. त्याच्या मागे वर्गाचं नाव, आपलं नाव, त्याचा उच्चार, पिनकोडसह पत्ता, वय आणि फोन. उत्तराच्या पत्त्याच्या बाजूवर आपलाच पत्ता आणि आपल्या नावापुढे साधं ‘युकि’. स्वतःच्या नावापुढे आदरार्थी ‘सामा’ लिहायचं नाही, ते केंद्रवाले बदलून घेतात. चौथी बाजू कोरी सोडायची, कारण निकाल तिथेच छापून येतो. ती मोकळी दिसते म्हणून पुष्कळ जण तिथेच मजकूर लिहून बसतात. खोडता येणारं जेल पेन वापरू नये, त्याची शाई उष्णतेने उडते. एका कार्डावर एकाच माणसाचा अर्ज.

मुदतीपुढचा शब्दही नीट वाचायला हवा. ‘हिच्चाकु’ असेल तर कार्ड त्या तारखेला त्यांच्या हातात पडलेलं हवं. ‘केशिइन युको’ असेल तर त्या तारखेचा पोस्टाचा शिक्का चालतो. आमच्या वर्गाला १० जानेवारी, हिच्चाकु. नववर्षाच्या शुभेच्छापत्रांमुळे त्या दिवसांत टपाल रेंगाळतं, म्हणून कार्ड डिसेंबरअखेरीसच टाकलेलं बरं.

उत्तर २१ जानेवारीला आलं. निवड झाली होती. कार्ड उलटं करताना छातीत धडधडत होतं हे कबूल करतो, कारण न निवडलेल्यांनाही तेच कार्ड येतं. साहित्याचे २,८०० येन पहिल्या दिवशी रोख आणि सुटे आणायचे होते. तेव्हा येन साधारण ५५ पैशांचा होता. सोबत एप्रन, जुना टॉवेल, नवं पातं घातलेला कटर, ३० सेंटिमीटरची पोलादी पट्टी आणि वर्तमानपत्रांची रद्दी. रद्दी सांगितलीय त्याच्या दुप्पट न्यावी. का ते पुढे येईल.

पहिला शनिवार, ८ फेब्रुवारी: कागद

सुरुवातीला सेन्सेईंनी, म्हणजे शिकवणाऱ्यांनी, थोडक्यात इतिहास सांगितला. बौद्ध सूत्रं आधी गुंडाळीवर लिहिली जात. मधलाच एखादा उतारा हवा असला तरी सगळी गुंडाळी उलगडावी लागे. चीनमध्ये तीच गुंडाळी मागे-पुढे दुमडायची पद्धत पडली आणि ती जपानमध्येही आली. आजही सूत्रांच्या पोथ्या याच बांधणीत असतात. हिचा कस लागतो तो महाप्रज्ञापारमिता सूत्राच्या ‘तेन्दोकु’त. या सूत्राचे ६०० खंड आहेत. सगळे वाचणं शक्य नसतं, म्हणून भिक्षू एकेक खंड एका हातातून दुसऱ्या हातात धबधब्यासारखा सोडतात आणि तेवढ्याने वाचन झालं असं मानतात. शिवलेलं पुस्तक हे सोसणार नाही. या सूत्राचं चिनी भाषांतर ६६० ते ६६३ या काळात ह्युएन त्संगने केलं. पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन इथल्या लोकांचं मानी म्हणून वर्णन करणारा, शाळेच्या इतिहासात भेटणारा तोच हा प्रवासी.

मग कागद. गोशुइनचोला होशो जातीचा कागद लागतो. तो कोझो या झाडाच्या सालीच्या लांब तंतूंचा असतो. जाड पण मऊ, आणि शाई धरून ठेवणारा. आम्हाला ३९ × ५३ सेंटिमीटरचे सहा ताव दिले होते.

कात्री लावायच्या आधी तंतूंची दिशा बघायची. छापखान्यात तिला ग्रेन म्हणतात. घडी नेहमी ग्रेनला समांतर हवी. आडवी घातली तर तंतू मोडतात, घडीच्या कडेला लव सुटते आणि वही मिटून राहत नाही. ओळखायला तावाच्या दोन्ही कडांवरून बोटभर रुंदीच्या पट्ट्या फाडायच्या. ग्रेनच्या दिशेने कागद बराच सरळ फाटतो, आडवा फाडला तर वाकडा जातो. शंका राहिली तर छोट्या चौकोनाची एक बाजू ओल्या बोटाने पुसायची. कागद वळून नळी होऊ लागते आणि नळीची लांबी ज्या दिशेला, तोच ग्रेन.

हे बघायला पाच मिनिटं लागतात, पण कागदाचा सगळा हिशेब त्यावर ठरतो. वहीचं तयार माप १८ × १२. त्यासाठी २४ × १८.६ चे तुकडे लागतात. वरखाली कापून नीट करायला उंचीत सहा मिलिमीटर जास्त ठेवायचे. आमच्या तावात ग्रेन आखूड बाजूला समांतर होता, म्हणून एका तावातून चार तुकडे निघाले आणि सहा तावांतून २४. ग्रेन लांब बाजूला असता तर एका तावातून दोनच निघाले असते आणि कागदाचा खर्च दुप्पट झाला असता. ऑनलाइन कागद मागवणाऱ्यांनी हा प्रश्न दुकानदाराला आधी विचारावा.

आता मुख्य गोष्ट. मला वाटत होतं की एक लांब पट्टी जोडून तिला घड्या घालायच्या. तसंही करतात, पण प्रत्येक घडी अर्धा मिलिमीटर एकाच बाजूला सरकत गेली तर २३ घड्यांनंतर कड ११-१२ मिलिमीटरने तिरकी होते. गोशुइनचोत म्हणून दुसरी रीत वापरतात. प्रत्येक तुकडा मधोमध दुमडून त्याचं जोडपान करायचं. पहिलं जोडपान घडी उजवीकडे करून ठेवायचं, त्यावर दुसरं घडी डावीकडे करून, तिसरं पुन्हा उजवीकडे, असं आलटून पालटून रचत जायचं आणि एकावर एक आलेल्या पानांच्या कडा चिकटवायच्या. घडी उजवीकडे असलेली १२ आणि डावीकडे असलेली ११, एकूण २३ जोडपानं. पहिलं आणि शेवटचं पान सोडलं तर प्रत्येक पान आपोआप दुहेरी होतं, म्हणून शाई पलीकडे उतरत नाही. वही कुठेही उघडा, समोरची दोन पानं एका अखंड कागदाची असतात, मध्ये जोड येत नाही. पुढच्या बाजूला २४ पानं मिळतात, मागच्या बाजूला २२. हे डोळ्यांसमोर येत नसेल तर रद्दीच्या पाच तुकड्यांवर करून बघा, वाचण्यापेक्षा लवकर कळतं.

घडी घालताना दोन्ही कोपरे जुळवून बोटाने मध्यभागी दाब द्यायचा, तिथून वर आणि खाली जायचं. शेवटी हेराने, म्हणजे घडी दाबायच्या पट्टीने, पक्की करायची. हेरा थेट होशोवर फिरवला की कागदाला चकाकी येते आणि ती जात नाही. मध्ये रद्दीचा कागद धरायचा. बांबूचा हेरा मी ६६० येनला घेतला. सगळी जोडपानं आठवडाभर घरी जड पुस्तकांखाली ठेवायला सांगितली होती. ते टाळू नये. दबलेल्या घडीवर खळ लावणं सोपं जातं, फुगलेली घडी खळ लागताच उघडते. चोविसावा तुकडा उरतो. तो टाकून देऊ नका, पुढे त्याचं काम आहे.

दुसरा शनिवार, १५ फेब्रुवारी: खळ

खळ शोफुची, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन काढून उरलेल्या निव्वळ स्टार्चची. मैद्यात ग्लुटेन राहतं, त्यामुळे मैद्याची खळ पिवळी पडते आणि तिला कीड लवकर लागते. प्रमाण ५० ग्रॅम शोफुला २५० मिलिलिटर पाणी. रात्रभर भिजवायचं, मग मंद आचेवर अर्धा तास न थांबता ढवळायचं. आधी ती पांढरी घट्ट होते आणि झाली असं वाटतं, पण तेव्हा ती कच्ची असते. पुढे ती अर्धपारदर्शक आणि चकचकीत होते, चमच्यावरून सलग पट्टीने खाली पडते. तिथे थांबायचं. गार झाल्यावर बारीक चाळणीतून दोनदा गाळायची, मग ब्रशने थोडं थोडं पाणी कालवत साधारण दह्याइतकी पातळ करायची. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, आंबूस वास आला की फेकायची. गुंडाळीचित्रांची दुरुस्ती करणारे कारागीर ऐन थंडीत खळ शिजवून मडक्यात दहा-दहा वर्षं मुरवतात. ती फार कमी चिकट असते आणि कागदाला ताठपणा येऊ देत नाही. आपल्याला तिची गरज नाही.

पानावर खळ पूर्ण फासायची नाही. फक्त दोन उभ्या कडांना, घडीच्या आणि उघड्या बाजूला, चार-चार मिलिमीटरची पट्टी. ओला कागद ग्रेनला आडवा फुगतो आणि सुकताना आक्रसतो. अख्खं पान भिजलं तर त्यावर लाटा उठतात आणि दोन थर मिळून ते पुठ्ठ्यासारखं कडक होतं. पट्टी मापात यावी म्हणून जोडपानावर रद्दीचा कागद असा ठेवायचा की चार मिलिमीटर कड बाहेर राहील. ब्रश नेहमी रद्दीवरून कडेकडे, बाहेरच्या दिशेने ओढायचा. उलटा ओढला की खळ रद्दीखाली शिरते. आणि रद्दी प्रत्येक वेळी नवी. वर्गात सगळ्यात जास्त पानं खराब झाली ती तोच कागद दुसऱ्यांदा वापरल्याने, कारण त्याच्या कडेची खळ पानाच्या मध्यभागी लागते. २२ जोड, प्रत्येकाला दोन पट्ट्या: दुप्पट रद्दी न्यायला सांगितलं ते यासाठी.

रचताना टेबलावर लाकडी काटकोन पक्का बसवलेला होता. जोडपान काटकोनाला टेकवून एकदाच खाली सोडायचं. सरकवत बसलं की खळ पसरते. जमलं नाही तर सरळ उचलून पुन्हा ठेवायचं. चार-पाच जोडपानं झाली की खळ ओली असतानाच प्रत्येक उघडणारी घडी एकदा उघडून बघायची. कडेतून बाहेर आलेल्या खळीने समोरासमोरची पानं चिकटतात आणि सुकल्यावर ती फाडल्याशिवाय सुटत नाहीत. कुठे चिकटत असेल तर हेराची पातळ कड आत सरकवायची, बोटाने ओढायचं नाही.

या कामाला मान मोडते आणि बोलायला सवड मिळत नाही. बारा माणसं अडीच तास जवळजवळ गप्प होती. संपल्यावर गठ्ठा दोन गुळगुळीत फळ्यांमध्ये घालून वर वजन ठेवून आठवडाभर सुकू दिला. फेब्रुवारीत टोकियोची हवा कोरडी असते. तेच जूनच्या पावसात हे काम करायचं तर बुरशीची भीती, म्हणून असे वर्ग हिवाळ्यात असलेले बरे.

तिसरा शनिवार, २२ फेब्रुवारी: कव्हर

आधी वरची आणि खालची कड कापून उंची १८ वर आणायची. उभ्या बाजूंना हात लावायचा नाही, तिथे घड्या आहेत. केंद्रात मोठं कटिंग मशीन होतं. घरी करताना पट्टी घट्ट धरून कटरचे हलके हात पुन्हा पुन्हा फिरवायचे. जोर लावला की पातं तिरकं जातं आणि खालची पानं वरच्यांपेक्षा आखूड होतात.

कव्हरचा पुठ्ठा २ मिलिमीटर जाड, १८.४ × १२.२, दोन नग. म्हणजे वरखाली दोन-दोन मिलिमीटर आणि बाजूंना एक-एक बाहेर राहतो. पुठ्ठ्यालाही ग्रेन असतो, तोही उभाच हवा. कापड चारही बाजूंना १५ मिलिमीटर जास्त. ते आतून पातळ कागदाचं अस्तर लावलेलं घ्यायचं, दुकानात तयार मिळतं. नुसत्या कापडातून खळ पुढच्या बाजूला डाग पाडते. इथे खळीत पांढरा फेव्हिकॉलसारखा बाँड मिसळतात, सात भाग खळ आणि तीन भाग बाँड. पानांच्या जोडांत तो घालायचा नाही. खळीचा जोड पाण्याने पुन्हा सोडवता येतो, बाँडचा येत नाही.

कोपरा कापताना पुठ्ठ्याच्या टोकापासून तीन मिलिमीटर, म्हणजे जाडीच्या दीडपट, कापड सोडून तिरका छेद. कमी सोडलं तर पुठ्ठ्याचं टोक उघडं पडतं, जास्त सोडलं तर तिथे गाठ येते. आधी वरखालच्या कडा आत वळवायच्या, कोपऱ्याचं कापड नखाने आत दाबायचं, मग बाजूच्या कडा.

कापड सुकताना पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतं आणि कव्हर वाकतं. त्याला आतून तोल देतं ते पहिलं आणि शेवटचं एकेरी पान. ते मात्र पूर्ण खळ लावून चिकटवायचं. खळ पातळ, ब्रश मध्यापासून बाहेर. मग मिनिटभर थांबायचं, कागद फुगायचा तेवढा फुगू द्यायचा आणि नंतरच पुठ्ठ्यावर टेकवायचा. घाई केली तर तो पुठ्ठ्यावर फुगतो आणि सुरकुत्या कायमच्या राहतात. आत मेणकागद घालायचा, नाहीतर हीच ओल पुढच्या पानांत उतरते. बाहेरून टीपकागद, फळ्या, वजन. तासाभराने टीपकागद बदलायचा, रात्री पुन्हा. तीन दिवस दाबाखालून काढायची नाही. मधेच उघडून बघायचा मोह आवरणं अवघड जातं.

शेवटी दाइसेन, म्हणजे नावाची पट्टी. १२ × ३ सेंटिमीटर, कव्हरवर डावीकडे वरच्या बाजूला. वही उजवीकडून डावीकडे उघडते, त्यामुळे ‘पुढचं’ कव्हर कोणतं ते पट्टी लावण्याआधी दोनदा बघा.

पहिला शिक्का, ६ मार्च

हाताने बांधलेली वही घेतील का, ही शंका वर्गात सगळ्यांनाच होती. साधी नोटबुक किंवा सुट्या कागदांचा पॅड पुष्कळ ठिकाणी नाकारतात. योग्य कागदाची ओरिहोन असेल तर सहसा कुणी हरकत घेत नाही. आधी त्या उरलेल्या चोविसाव्या तुकड्यावर ब्रश आणि काळ्या शाईने जाड रेघ ओढून बघावी. शाई कडेने फुटत असेल तर लिहिणाऱ्याची पंचाईत होते.

गुरुवारी सकाळी आसाकुसाच्या सेन्सो-जीला गेलो. इथे गोशुइन मुख्य मंदिरात मिळत नाही, शेजारच्या योगोदोमध्ये मिळतं. आधी दर्शन, मग शिक्का. हा क्रम उलटा करू नये. वहीचं वेष्टण आणि रबर काढून, हवं ते पान उघडून द्यायची आणि ५०० येन सुटे. नंबराचा बिल्ला मिळतो. एकसारख्या दिसणाऱ्या वह्यांचा ढीग असतो, म्हणून मागच्या कव्हरच्या आत नाव लिहिलेलं बरं. सुट्टीच्या दिवशी रांग लांब असते. वही परत येताना आत एक पातळ कागद घालून देतात, तो काढू नका. शाई थोड्या वेळात सुकते, लाल शिक्का तेलकट असल्याने बराच काळ ओला राहतो. पहिलं पान इसेच्या जिन्जासाठी, म्हणजे शिंतो देवळासाठी, कोरं सोडायची काहींची पद्धत आहे, सक्ती नाही.

बौद्ध देवळं आणि जिन्जा यांचे शिक्के एकाच वहीत चालतात. निचिरेन पंथाच्या देवळांत मात्र सूत्राचं नाव लिहिलेला शिक्का फक्त त्यांच्यासाठीच्या वेगळ्या वहीत देतात, मिश्र वहीत साधारणपणे दुसरा मजकूर मिळतो. काही ठिकाणी आधीच लिहून ठेवलेला सुटा कागदच मिळतो. तो चिकटवताना खळ नको, कडांना कोरडी डिंककांडी पुरते.

शिकोकू बेटावरच्या ८८ देवळांच्या यात्रेचा विचार असेल तर तिथल्या शिक्क्याचा दर एप्रिल २०२४ पासून ३०० वरून ५०० येन झाला आहे आणि कार्यालयं सकाळी ८ ते ५ उघडी असतात. ८८ शिक्क्यांना ही ४६ पानांची वही पुरणार नाही.

महाराष्ट्रात करून बघणाऱ्यांसाठी

होशो मिळाला नाही तर चिंध्यांपासून केलेला हातकागद चालतो, पण कापसाचे तंतू आखूड असल्याने जाड हातकागद घडीवर तडकतो. शक्य तितका पातळ घ्या आणि २३ ऐवजी १५ जोडपानं करा, म्हणजे घडी उजवीकडे असलेली आठ आणि डावीकडे असलेली सात. खळीला मक्याचं स्टार्च चालून जातं. आपले बाइंडर किडीसाठी खळीत मोरचूद घालतात, ते इथे नको, तांब्याच्या क्षाराने कागद ठिसूळ होतो. जुन्या वहीची घडी फाटली तर पारदर्शक टेप लावू नका. दोन थरांच्या मधून पातळ कोझोची आठ मिलिमीटर पट्टी खळीने चिकटवा आणि घडी मिटवून दाबाखाली सुकवा. आणि जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढू नका. काढलंच तर खळ रोजची रोज ताजी करा आणि टीपकागद सकाळ-संध्याकाळ बदला.